विहिरीपासून शाळा अकरा काठ्या

अमेरिकेतल्या आयोवा राज्याची जेवढी काळजी माझे साडू करतात, तेवढी खुद्द आयोवानेही कधी केली नसेल. नकाशात आयोवा दाखवा म्हटलं तर आपल्यातल्या दहापैकी नऊ जणांचं बोट हवेतच राहील. साडू तिथे एका विमा कंपनीच्या प्रोजेक्टवर सहा महिन्यांसाठी गेले आणि नऊ वर्षं राहिले. पुढे व्हिसाचं गणित जमेना, म्हणून नेदरलँड्सला आले. आता आल्मेरेला असतात. समुद्र हटवून केलेल्या जमिनीवरचं हे शहर. तिथल्या झाडून साऱ्या इमारती साडूंपेक्षा वयाने लहान. "जुनं काही बघावंसं वाटलं की मी आरशात बघतो," असं ते स्वतःच सांगतात.

त्यांच्या दिवाणखान्यात आयोवातल्या लाकडी पुलांचे, गिरण्यांचे आणि धान्याच्या कोठारांचे फोटो आहेत. "आमच्याकडे देवघरात गणपती एक आणि भिंतीवर कोठारं चौदा," असं त्यांची बायको, म्हणजे माझी मेव्हणी, आल्यागेल्याला ऐकवते. मी मोजली, चौदाच आहेत. एका वर्षी इथल्या मराठी मंडळाने गणपतीच्या मखराचं काम साडूंवर सोपवलं. त्यांनी तीन आठवडे खपून पुठ्ठ्याची एक सुबक गोल इमारत उभी केली. एका काकूंनी हात जोडून कौतुकाने विचारलं, "कुठल्या किल्ल्यावरची हो ही?"

"किल्ला नाही, काकू. आयोवातलं गोल कोठार. यात गाई बांधायचे."

"अगंबाई! बाप्पाला गोठ्यात बसवलंत?"

"गाईंना चाललं, काकू. बाप्पाला का नाही चालणार?"

पुढच्या वर्षापासून त्यांच्याकडे फक्त पार्किंगची व्यवस्था असते.

या सगळ्या प्रेमाच्या मुळाशी एक शाळा आहे. आयोवात डच लोकांनी वसवलेल्या एका खेड्यात एका खोलीची लाकडी शाळा आहे. तिथे असताना साडू दर शनिवारी गावातल्या चार म्हाताऱ्या स्वयंसेवकांबरोबर तिचा जुना रंग खरवडायला जात. इकडे आल्यावरही शाळेचं रडगाणं त्यांना फोनवर कळत असे. गेल्या वर्षी ते फारच वाढलं. शाळेच्या जागेवर गोदाम व्हायचं होतं. राज्याच्या जतन-यादीत नाव लागलं तर शाळा वाचणार, नाहीतर वसंतात पडणार. पण एक आक्षेप आला, की ही इमारत मुळात इथली नव्हेच. ओढ्यापलीकडून उचलून नंतर इथे आणली. हलवलेली इमारत यादीत सहसा घेत नाहीत. शाळा पहिल्यापासून याच जागी होती, याचा कागद हवा होता, आणि तिकडे तो कोणाकडे नव्हता.

मग साडूंनी इकडे शोध आरंभला. भेटेल त्या डच माणसाला ते विचारू लागले, "तुमच्या घरातलं पूर्वी कोणी आयोवाला गेलं होतं का?" दाताच्या डॉक्टरला विचारलं तेव्हा तोंडात नळी होती. तिकीट तपासनिसाला विचारलं. त्याने तिकीट दोनदा तपासलं. आणि एका रविवारी आमच्याकडे, ब्राबांट प्रांतातल्या बेस्ट नावाच्या गावी, जेवायला आले असताना कुंपणावरून आमच्या शेजारच्या आजींना विचारलं. आजी एकोणनव्वद वर्षांच्या. वृद्धाश्रमात जायचं म्हणून घर आवरत होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या पणजोबांची बहीण गेली होती. तिची पत्रं रद्दीच्या खोक्यात आहेत. कोणालाच वाचता येत नाहीत."

साडू जेवण सोडून कुंपणापलीकडे गेले. दारातून जायचं त्यांना सुचलं नाही.

पत्रं चोवीस होती. कागद वाचवायला बाईने आधी आडवं लिहिलं होतं आणि मग त्याच पानावर उभं. मला ते नुसतं जाळं दिसलं. पण साडूंनी पुण्यात असताना शनिवार-रविवारचा मोडीचा वर्ग केला होता. हात न उचलता लिहिलेलं अक्षर कसं फोडायचं, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी त्या बाईच्या अक्षराची चक्क बाराखडी केली आणि फ्रिजवर चिकटवली. साडूंना अक्षर लागे पण अर्थ लागत नसे. आजींना अर्थ लागे पण अक्षर लागत नसे. आंधळ्यापांगळ्याची जोडी तशी ही. साडू मोठ्याने वाचायचे, आजी त्यांच्या उच्चारांना पोट धरून हसायच्या, आणि मग गंभीर होऊन अर्थ सांगायच्या.

सतराव्या पत्रात ते सापडलं. 'नवऱ्याने शाळेचा पाया आखून दिला. आमच्या विहिरीपासून दार अकरा रूडे.' रूडे म्हणजे जमीन मोजायची जुनी डच काठी. विहीर अजून जागेवर होती. साडूंनी लगेच आयोवाला फोन लावला. तिथल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी टेप धरून मोजलं: दोनशे आठ फूट, म्हणजे त्रेसष्ट मीटर आणि वर थोडं. साडूंनी ॲमस्टरडॅमच्या काठीने हिशेब केला. साडेचाळीस मीटर.

म्हणजे पत्र आक्षेप घेणाऱ्यांच्याच बाजूने बोलत होतं.

त्या दिवशी साडूंनी पहिल्यांदाच चहाला नाही म्हटलं. मेव्हणी हळूच म्हणाली, "हे एक पत्र नाही पाठवलं तर कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना," साडू म्हणाले. "खोटं बोलून वाचवली तर ती जुनी शाळा कसली? सोमवारी पाठवतो."

मला झोप येईना. आकडा जुळला नाही की मला अस्वस्थ होतं. आपल्याकडे जुनी काठी मुलखागणिक वेगळी असे, मग यांची तरी एकच कशी असेल? सकाळी आजींना विचारलं, ही बाई मूळची कुठली? "कुठली म्हणजे? ब्राबांटचीच, आमच्यासारखी." ब्राबांटची जुनी काठी शोधली. ॲमस्टरडॅमची तेरा जुन्या डच फुटांची, ही वीस फुटांची. पाच मीटर पंचाहत्तर सेंटिमीटर. गुणिले अकरा, त्रेसष्ट मीटर पंचवीस. टेपपेक्षा फरक फक्त वीतभर.

मी साडूंना फोन करून नुसता आकडा सांगितला. पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग ते ओरडले, "अहो, जमीन काठीने मोजवणाऱ्या शिवाजी महाराजांच्या मुलखातले आपण, आणि काठी कुठली हेच विचारलं नाही!"

चार महिन्यांनी शाळेचं नाव यादीत लागलं. गोदाम दुसरीकडे गेलं. मंडळाच्या मेळाव्यात साडूंनी सत्तर लोकांना पेढे वाटले. शाळा कुठली आणि पेढे कशाचे, हे निम्म्यांना कळलं नाही. पण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, आणि त्या काकूंनी सर्वांत जोरात.

वृद्धाश्रमात आजींना बातमी द्यायला आम्ही दोघे गेलो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता तिथे पुन्हा मुलं येणार?"

साडू म्हणाले, "नाही, आजी. मुलं नाही येणार. लोक बघायला येतील."

 आजी म्हणाल्या, "निदान खिडक्या अधूनमधून उघडत जा म्हणावं. बंद खोलीला वास येतो."

साडूंनी ते शब्दशः आयोवाला कळवलं. आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शिक्षिकाबाई खिडक्या उघडतात आणि साडूंना फोटो पाठवतात. परवा तो आला तेव्हा मी शेजारीच होतो. सहाही खिडक्या उघड्या होत्या, आत बाकांवर ऊन पडलं होतं. साडूंनी फोटो मोठा करून एकेक बाक बघितलं. "आज हवा चांगली आहे तिकडे," ते म्हणाले.