शिरक्यातलं हाड

शाळेत शरीरशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचा तास मी कधी बुडवला नाही. अंगात ताप असतानाही जाऊन बसले आहे. पेशींच्या ऊती, ऊतींची इंद्रियं हे सगळं मला घडाघडा पाठ होतं. सांगाड्याची आकृती तर मी अशी काढायची की बाई ती दुसऱ्या वर्गात नेऊन दाखवायच्या. त्यामुळे स्नेहसंमेलनात प्रदर्शन भरणार आणि हाडांच्या टेबलाशी उभं राहून पाहुण्यांना माहिती सांगायला एकच मुलगी निवडणार, असं बाई म्हणाल्या, तेव्हा ती मुलगी कोण हे मला विचारायची गरजच वाटली नाही. घरी जाऊन मी आईला निळा परकर धुवायला काढून दिला.

आणि त्याच वर्षी कॅम्पातली ती आमच्या वर्गात आली.

कॅम्प म्हणजे उल्हासनगर. लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं राहत होती. तिचे वडील आमच्या अंबरनाथच्या एका कारखान्यात लागले होते. जिथं राहायचं तिथली भाषा मुलांना यायला हवी असं त्यांचं मत, म्हणून मुलगी मराठी शाळेत. ती हाडाला हड्डी म्हणायची आणि स्नायूला सरळ गोश्त. मी असलं काही बोलले असते तर बाईंनी डोळे वटारले असते. तिला मात्र हसून म्हणायच्या, "अगं, गोश्त नाही, स्नायू म्हण." ते हसू मला कधी मिळालं नव्हतं. माझं काही चुकायचंच नाही, तर मिळणार कुठून?

दंडाचा स्नायू आखडतो कसा हे दाखवायला बाईंनी कोणाला पुढं बोलावलं? तिलाच. बराकीबाहेरच्या नळावरून पाण्याच्या बादल्या वाहून तिचा दंड चांगला टणक झाला होता. तिनं हात दुमडला, तो टरारून वर आला आणि वर्ग ओरडला. माझा दंड म्हणजे शेवग्याची शेंग. पुस्तकातली सगळी वाक्यं पाठ असून त्याचा काही उपयोग नव्हता.

एकदा बाईंनी कुठूनसं सूक्ष्मदर्शक यंत्र मागून आणलं. गालाच्या आतून काडीनं खरवडून काचेवर लावायचं आणि आपल्याच पेशी पाहायच्या. माझ्या पाहिल्या, मग तिच्या पाहिल्या. काडीचाही फरक नव्हता. बाई म्हणाल्या, "बघा, सगळ्या माणसांच्या सारख्याच." बाकीच्या मुलींना गंमत वाटली. माझं तोंड कडू झालं.

पण खरा घाव घातला तो हाडानं. आमच्या घरी हाड ही वस्तू उंबऱ्याच्या आत येणं शक्यच नव्हतं. आई कांदासुद्धा चातुर्मासात चिरायची नाही. मी दोनशेच्या वर हाडांची नावं शिकले ती सगळी कागदावर. तिच्या घरी कोंबडी शिजायची. तिनं तंगडीचं हाड घासूनपुसून लोणच्याच्या शिरक्यात घालून ठेवलं आणि काही दिवसांनी वर्गात आणून बोटांनी वाकवलं. मोडलं नाही! छत्रीच्या काडीसारखं वाकलं आणि सोडल्यावर परत सरळ झालं.

बाईंनी ते स्वतः वाकवून पाहिलं. मग आम्हाला म्हणाल्या, "हाडातला चुना शिरक्यात विरघळला. उरला तो चिवट भाग. हाड जाळलं तर उलट होतं. चिवटपणा जळतो, चुना राहतो, आणि हात लावताच भुगा होतो." असं बोलत त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिथं किती वेळ होता! हाडांचं टेबल तिला मिळालं. मला दाराशी उभं राहून अत्तर लावायचं काम मिळालं. निळा परकर मी ट्रंकेत तळाशी कोंबला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती आपणहून माझ्याजवळ आली. पापड पुढं केला. मी घेतला नाही. म्हटलं, "कोंबडीच्या हाडाचं काय एवढं? आमच्याकडे माणसाचं हाड आहे. खरं. जळालेलं."

तिचा विश्वास बसेना, म्हणून शाळा सुटल्यावर मी तिला घरी घेऊन गेले. म्हटलं, बघू दे आणि होऊ दे जरा हिचाही जळफळाट. आमचे आजोबा नुकतेच गेले होते. दिवसकार्य झालं होतं, पण बाबांना कारखान्यातून रजा मिळाल्याशिवाय नाशिकला जाता येत नव्हतं. अस्थी घरात आणत नाहीत. त्यामुळे फडक्यात बांधलेलं मडकं मागच्या जांभळीला टांगलेलं होतं.

"त्यात," मी बोट दाखवलं. "मनगटाची, पायाची, कवटीची, सगळी. आहे तुझ्याकडे?"

तिनं पायातल्या चपला काढल्या. ओढणी डोक्यावर घेतली. मडक्याला हात जोडले. मग म्हणाली, "माझा दादा, माझ्या बाबाचा बाप, तो पण असा झाडावर होता. निंबाच्या. नदीवर न्यायचा होता. पण जहाजाचं तिकीट आलं. बाबा बोलला, परत येऊ, मग नेऊ." मग मडक्याकडे बोट करून म्हणाली, "तुझा बाबा याला नेणार ना? पक्का?"

"पक्का," मी म्हटलं.

"तू नसीबवाली आहेस," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत मला जे बघायचं होतं तेच होतं. हेवा. पण तो बघून मला जे वाटायला हवं होतं ते काही वाटेना.

जाताना तिनं माझ्या कानात एक नाव सांगितलं आणि म्हणाली, "तुझ्या बाबाला सांग, तिथं माझ्या दादाला पण बोलवायला."

मी बाबांना सांगितलं. आई कपाळाला आठ्या घालून आत गेली. बाबांनी विचारलं, "गोत्र?" ते तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. बाबा म्हणाले, "राहू दे. नाव पुरे."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बाबा नाशिकहून परतले. बूट काढता काढता म्हणाले, "तुझ्या मैत्रिणीला सांग, तिच्या आजोबांनाही पाणी सोडलं." माझी मैत्रीण! मी तिला कधीच तसं म्हटलं नव्हतं.

प्रदर्शनात माझं अत्तर लावून झालं तेव्हा हाडांच्या टेबलाशी गर्दी होती. कारखान्यातले साहेब आणि त्यांच्या बायका वाकून बघत होत्या. ती ते हाड वाकवून दाखवत होती आणि आता तिला स्नायूही म्हणता येत होतं. मी गर्दीतून आत शिरले आणि तिच्या कानाशी एवढंच म्हटलं, "बाबांनी नाव घेतलं."

तिच्या हातातलं हाड टेबलावर पडलं. पाहुण्यांच्या देखत ती हमसून हमसून रडायला लागली. बाई धावत आल्या. त्यांनी तिला जवळ घेतलं, मला म्हणाल्या, "तू सांग गं पुढचं," आणि तिला घेऊन बाहेर गेल्या.

मग मी सांगितलं. एकही शब्द चुकले नाही. साहेबांच्या बायका मान डोलावत होत्या. हाड मी जन्मात पहिल्यांदा हातात धरलं होतं आणि ते माझ्याही बोटांत छान वाकत होतं. टेबल माझं होतं, आणि उघड्या दारातून मला बाईंचा हात दिसत होता, तिच्या पाठीवरून फिरणारा.