जित्या माणसाचं नाव

परवा ह्यांचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे जेवून गेले, भांडी घासून पालथी घातली, तेव्हा कुठे मला बसायला मिळालं. वर्षभरात आमच्या घरातून दोन माणसं गेली आणि एक आलं. ज्यांच्याशी बोलायची मला सवय होती ती दोन्ही गेली, आणि जे आलंय ते अजून नुसते थुंकीचे बुडबुडे काढतं. म्हणून म्हटलं, लिहावं.

हे श्रावणात गेले. कोलशेतच्या घरात, खुर्चीत बसून पेपर वाचता वाचता. मी म्हणत होते, अहो चहा गार होतोय. त्याच आठवड्यात तिकडे खडवलीला सासूबाई मोरीत घसरल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं म्हणून त्यांना कल्याणला हॉस्पिटलात ठेवलेलं. नव्वदीच्या पुढच्या बाई, हृदय आधीच नाजूक. डॉक्टर म्हणाले, धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. सासूबाई धाकट्या दिरांकडे राहायच्या. ते मला म्हणाले, "वहिनी, आईला जरा चालायला लागू दे, मग सांगू." मी हो म्हटलं. त्या काठी घेऊन चालायलाही लागल्या, पण सांगायचं काही कोणाच्या तोंडून निघेना.

पूर्वी दर महिन्याला आम्ही दोघं त्यांना भेटायला जायचो. आता मी एकटी जायला लागले. तेराव्यानंतर मंगळसूत्र मी कपाटात ठेवलं होतं, ते पर्समध्ये घालून न्यायचे आणि खडवली स्टेशनबाहेर, रिक्षात बसायच्या आधी, गळ्यात घालायचे. टिकली मी सोडली नव्हतीच. आमच्या सोसायटीत आता ते कोणी बघत नाही.

"तो नाही आला?" सासूबाई विचारायच्या. त्यांना ऐकू यायचं नाही, त्यामुळे फोनचा प्रश्न नव्हता. कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागायचं.

"गुडघा! जिना उतरवत नाही त्यांना!"

"लहानपणी चिंचेवरून उतरायचा नाही, आता जिन्यावरून उतरत नाही. मेला तसाच राहिला."

मग निघताना माझ्या हातात वालाची पुडी द्यायच्या. "त्याला बिरडं कर. गूळ जास्त घाल." ते बिरडं मी घरी येऊन करायचे, आणि दोन दिवस एकटीच खायचे.

खरं सांगते, खडवलीतले ते दोन तास मला आवडायला लागले होते. तिथे बसलं की वाटायचं, हे घरी आहेत. पंख्याखाली पाय लांब करून, अजून ही आली नाही म्हणून कुरकुरत. परतताना मंगळसूत्र पर्समध्ये टाकलं की ते पुन्हा जायचे. हे मी कोणालाही बोलले नाही. वेडी म्हणाले असते.

दिरांनी भावासाठी केस उतरवले होते. आईला सांगितलं, तिरुपतीला जाऊन आलो. "मग लाडू कुठंय?" झालं! दीर कल्याणला पळाले आणि मोतीचुराचे लाडू घेऊन आले. सासूबाईंनी एक चाखला नि म्हणाल्या, "बालाजी कल्याणला राहायला आला वाटतं." आम्ही हसलो. म्हातारी गमतीत बोलली, असंच धरून चाललो.

पुढे दिवाळी आली. घरात माणूस गेलं की त्या वर्षी दिवाळीचं तळण करत नाहीत, शेजारपाजारचे फराळ आणून देतात. जावेने तो शेजाऱ्यांचा फराळ एका ताटात नीट रचला आणि आपण केल्यासारखा सासूबाईंपुढे ठेवला. त्यांनी ताटाकडे बराच वेळ बघितलं. मग नुसता चहा मागितला.

फाल्गुनात माझ्या सुनेला मुलगा झाला, डोंबिवलीला, तिच्या माहेरी. त्याला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी मागे वळून म्हणाले, "अहो, बघा—" आणि मागे व्याही उभे. ते बिचारे पुढे आले आणि बघू लागले.

पणजीला प्रवास झेपणार नाही म्हणून बारसं खडवलीला करायचं ठरलं. इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. माझ्या मुलाच्या बारशाला त्याला सासऱ्यांचं नाव ठेवू या, असं हे म्हणाले होते. सासूबाई कडाडल्या, "जित्या माणसाचं नाव पाळण्यात घालायचं नाही! उद्या पोराला शिवी दिली तर ती कोणाला लागेल?" तेव्हापासून आमच्या घरात तो नियमच आहे.

ओटीवर पाळणा बांधला. बायका जमल्या. माझी मुलगी, म्हणजे बाळाची आत्या, नाव सांगायला वाकली तशी सासूबाईंनी काठी आपटली. "नाव काय ठरवलंय?" मुलीने त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. मुलाने-सुनेने मोबाइलवर शोधलेलं, नव्या पद्धतीचं नाव होतं.

"दातात अडकतंय," सासूबाई म्हणाल्या. "आणि मला तर दातही नाहीत."

बायका हसल्या.

"त्याच्या आजोबाचं ठेवा."

हसणं थांबलं. माझा मुलगा त्यांच्या कानाशी वाकला. "आजी, अगं असं कसं? आपल्यात जित्या माणसाचं—"

"मला शिकवतोस? मीच सांगितलंय ते ह्या घराला."

जाऊ तोंडाला पदर लावून रडायला लागली. दीर म्हणाले, "आई, आम्ही तुला..."

"तू गप रे. तुझ्या बालाजीचे लाडू खाल्लेत मी." मग माझ्याकडे वळल्या. "मोठी, इकडे ये. चार घरच्या चकल्या एका ताटात. माझ्या सुनेच्या हातची चकली मी ओळखत नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?" मी ओरडले. त्यांच्या कानासाठी ओरडले, पण सगळंच काही कानासाठी नव्हतं.

त्यांनी माझ्या गळ्यातल्या काळ्या मण्यांना हात लावला. "तू हे घालून यायचीस. म्हटलं, इथे तरी घालू दे हिला. आणि तू आलीस की तो घरी असायचा गं."



मग मुलीने बाळाच्या कानात कुर्र केलं आणि ते नाव सांगितलं. बायका गेल्यावर सासूबाईंनी बाळाला मांडीवर घेऊन हाक मारली, अगदी ह्यांना मारायच्या तशी, 'अरे' लावून. मला म्हणाल्या, "ह्या नावाला अरे म्हणणारी मी एकटीच उरले होते. माझ्यामागे तू म्हण."

"मला नाही जमायचं. लग्नात घेतलं तेवढंच नाव, तेही उखाण्यात."

"मग उखाणा घाल बाळाला!"

वैशाखात त्या गेल्या, झोपेतच. ह्या वेळी कोणापासून काही लपवायचं नव्हतं. मंगळसूत्र कपाटात आहे. वालाची शेवटची पुडी मी अजून फोडलेली नाही.

मी आपली बाळाला 'बाळ', 'सोन्या', 'ए गुंड्या' करत राहिले. सून हसते, म्हणते, "आई, त्याला नाव आहे." परवा श्राद्धाच्या दिवशी पाहुणे गेल्यावर तो चटईवर पालथा पडून ह्यांच्या फोटोपुढच्या उदबत्तीच्या दिशेने सरकत होता. माझे हात खरकटे. "बाळ, ए सोन्या," मी म्हटलं, पण ऐकतोय कुठला. आजूबाजूला कोणी नव्हतं.

मी नाव घेतलं. 'अरे' लावून, मोठ्याने.

त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि ओ द्यावी तसा बोळकं उघडून काहीतरी बोलला.