नानांचं कार्ड लॅमिनेट झालं

आज सख्ख्या भावावर इतकी चिडले आहे की सरळ इथेच लिहायला बसले.

माझ्या वडिलांना, नानांना, काचबिंदूमुळे आता दिसत नाही. म्हणून त्यांच्या वाढदिवसाला मी बोटांनी वाचता येईल असं कार्ड केलं. ओल्या शाईवर एम्बॉसिंग पावडर टाकून हीट गनने वितळवली की अक्षर फुगून वर येतं. पावडर उडते म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो. जळगावच्या उन्हाळ्यात ते काय असतं, तुम्हाला सांगायला नको.

आज सकाळी पिंपळनेरला जाऊन कार्ड नानांच्या हातात दिलं. त्यांनी बोटाने एकेक अक्षर लावत स्वतःचं नाव मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं.

मी स्वयंपाकाला लागले, तेवढ्यात दादा ते कार्ड चौकात नेऊन लॅमिनेट करून घेऊन आला. खराब होऊ नये म्हणून, म्हणे. मशीनच्या उष्णतेने अक्षरं पुन्हा वितळली आणि दाबली जाऊन सपाट झाली. दादाने फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या.

नानांनी प्लास्टिकवरून बोट फिरवलं. कार्ड उलटं करून मागूनही फिरवून पाहिलं.

"बेटा, आते बोटले काहीच लागत नही."

दादा म्हणाला, "पन दिखाले एक नंबर शे, नाना."

टाळ्या पाठवणारे नातेवाईक इथेही आहेत, म्हणून विचारते. ते कार्ड नेमकं कोणासाठी होतं?