डाव्या हाताचा लाल तारा

आधीच सांगून टाकतो, भुतंखेतं, भास, दृष्टान्त... यातलं काहीही मी मानत नाही. बँकेच्या आयटीत नोकरी. सिस्टीम बंद पडली की तिची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडायचा, कारण सापडतंच, हा माझा धर्म. या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर हसत हसत वाचत आलोय. आज माझ्यावर हसायची पाळी तुमची.

गोष्ट माझ्या सासूबाईंची. मूळच्या सांगलीच्या, निवृत्त भूगोल शिक्षिका. सासरे गेल्यावर माझी बायको केतकी त्यांना आमच्याकडे सिंगापूरला, पुंगोलच्या फ्लॅटवर घेऊन आली. सुरुवातीला आई एकदम जोरात होत्या. मग एकदा त्या एकट्याच एलआरटीने, म्हणजे वस्तीतल्या छोट्या ट्रेनने, भाजी आणायला निघाल्या. पुंगोलची एलआरटी गोल फिरते, आणि खिडकीतून दिसणाऱ्या इमारती सगळ्या एका साच्यातल्या. आई त्या चक्रात फिरत राहिल्या, शेवटी भलत्याच स्टेशनवर उतरल्या आणि पोलिसांनी त्यांना अगदी अदबीने घरी आणून सोडलं. त्या अदबीनेच त्या खचल्या. नकाशा न बघता फळ्यावर अख्खा भारत काढणारी बाई हो! त्यानंतर एकटीने उंबरठा ओलांडणं बंद. "मिलिंदराव, मला सांगलीला सोडा. इथं मी तुम्हाला ओझं झालेय," हेच पालुपद. तिकडे तरी कोण होतं त्यांचं? एक कुलूपबंद फ्लॅट. केतकी ऐकून घ्यायची आणि बाथरूममध्ये जाऊन रडायची.

२०१५च्या डिसेंबरात लेकीच्या शाळेला सुट्टी लागल्यावर आम्ही त्यांना जवळजवळ उचलूनच सोफियाला नेलं. बल्गेरियाची राजधानी, एकेकाळची कम्युनिस्ट. पहिल्याच दिवशी जुन्या शहराची चालत फिरायची टूर घेतली. गाईड होती राडका नावाची बाई. हातात लाल छत्री, आवाज खणखणीत. आई केतकीचा दंड धरून चालत होत्या. कशाकडे बघतही नव्हत्या.

फिरत फिरत आम्ही मशिदीमागच्या गरम पाण्याच्या नळांपाशी आलो. जमिनीतून येणारं कढत पाणी, लोक बाटल्या भरून नेतात. आईंना तिथला एक बाक आवडला. पण नळाचं पाणीही चाखायचं होतं. मग त्यांनी काय करावं? पर्समधून टिश्यू पेपरचं पाकीट काढलं आणि बाकावर ठेवलं! आपल्या सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, टेबल अडवायला ठेवतो ना आपण, तस्सं.

"आजी, हिअर कॅनॉट चोप लाह!" आमची दहा वर्षांची इरा सिंगापुरी इंग्रजीत किंचाळली, म्हणजे इथं अशी जागा अडवता येत नाही! आम्ही पोट धरून हसलो. बऱ्याच दिवसांनी आईही हसल्या.

तेवढ्यात बर्फ सुरू झाला. साधासुधा नाही, पुढचं माणूस दिसेना असा. राडकाने सगळ्यांना घाईने पुढे काढलं. बरंच चालून गेल्यावर केतकी मला म्हणाली, "आई तुझ्याबरोबर आहे ना?" मला वाटत होतं, तिच्याबरोबर आहेत.

पाकीट राहिलं म्हणून त्या माघारी फिरल्या होत्या. टिश्यूच्या पाकिटासाठी! फोन हॉटेलवर. हॉटेलचं नाव त्यांना माहीत नाही, भाषा येत नाही. मी पळत मागे गेलो. बाक रिकामा होता, पाकीटही नव्हतं. मी "आई, आई" ओरडत होतो आणि लोक बाटल्या भरायचं थांबवून माझ्याकडे बघत होते. मी उभ्या आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

मग राडकाचा फोन आला. "चर्चपाशी या."

हे चर्च म्हणजे विटांचं एक गोल, फार जुनं देऊळच म्हणा. दोन अवाढव्य सरकारी छापाच्या इमारतींच्या पोटात लपलेलं, रस्त्यावरून दिसतच नाही. टूर तिथे संपणार होती. मी धापा टाकत पोचलो तर आई चर्चच्या दारात ताठ उभ्या, डोक्यावर बर्फ, हातात पाकीट! मागे एक ऑस्ट्रेलियन जोडपं. तेही बर्फात चुकलं होतं.

"किती वेळ लावलात, मिलिंदराव!" आई म्हणाल्या.

केतकीने त्यांना घट्ट मिठी मारली. ऑस्ट्रेलियन बाई सांगत होती, "आम्ही या लेडींच्या मागे मागे आलो. शी न्यू द वे."

"मला कुठला रस्ता माहीत असायला?" आई म्हणाल्या. "बाकावर एक म्हातारी बसली होती, काळा रुमाल बांधलेली. तिने पाकीट सांभाळून ठेवलं होतं. तिनेच खूण करून दाखवलं... तो लाल तारा डाव्या हाताला ठेव, सरळ चाल, मोठा रस्ता ओलांड आणि कमानीतून आत शीर."

मी राडकाला हे इंग्रजीत सांगितलं. तिने छत्रीच मिटली. "कुठला तारा?"

"त्या मोठ्या इमारतीच्या सुळक्यावरचा. चांगला पेटलेला होता की!"

ती इमारत म्हणजे कम्युनिस्ट पक्षाचं जुनं मुख्यालय. तिच्यावर तांबड्या काचेचा तारा होता, हे खरं. पण राजवट गेल्यावर तो उतरवला, आता तिथे झेंडा असतो. ही गोष्ट राडका त्या इमारतीसमोर सांगणार होती, बर्फामुळे राहून गेली होती. मी जोडप्याला विचारलं. त्यांना तारा दिसला नव्हता. आणि बाकावर आईंशेजारी कुणी म्हातारीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका म्युझियमच्या बागेत गेलो. तो तारा तिथे ठेवलाय. आई त्याच्याभोवती फिरल्या, हेडबाई गृहपाठ तपासतात तशा. "हाच," म्हणाल्या. "विझवलाय मेल्यांनी."

मी माझ्या परीने लॉग तपासले. हॉटेलातल्या भिंती, विमानातली मासिकं, आईंचा टीव्ही... ताऱ्याचा फोटो कुठेही नव्हता. आईंना फार छेडलं तर एकच उत्तर, "मी भूगोल शिकवलाय. मला डावं-उजवं कळतं."

परत आल्यावर पहिल्याच सकाळी आईंनी चपला घातल्या. "येते जाऊन," म्हणाल्या आणि दार लावून गेल्या. केतकी खिडकीला चिकटून उभी राहिली. जेवणाच्या आत आई परत आल्या. दोन्ही पिशव्या भरलेल्या, आणि गवार सांगलीपेक्षा जून आहे अशी तक्रार. केतकी पुन्हा रडली, पण या वेळी स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर, गवार मोडता मोडता. सांगलीचं नाव त्यानंतर निघालं नाही.

आता आईंची स्वतःची टूर आहे! मराठी मंडळींचे आईवडील भारतातून आले की शनिवारी सकाळी त्यांना गोळा करून आई पुंगोल दाखवतात. हातात लाल छत्री. एलआरटीची दोन्ही चक्रं, बाजार, पाण्याकाठचा रस्ता, आणि शेवटी हॉकर सेंटरात टिश्यू ठेवून टेबल कसं अडवायचं याचं प्रात्यक्षिक. परवा मीही गेलो होतो मागून. एका आजोबांनी घाबरत विचारलं, "बाई, चुकलो तर?"

"चुकाल कसे?" आईंनी आमच्या इमारतीच्या गच्चीकडे छत्री रोखली. "तो तारा डाव्या हाताला ठेवायचा, की आलंच घर."

मी वर पाहिलं. मला फक्त पाण्याची टाकी दिसली. पण त्यांच्या टूरमधलं एकही माणूस आजवर हरवलेलं नाही.