गोंधळाचं आवतण

समुद्रापारच्या आमच्या बेटावर, सुरिनाम गावात हिराकाकीच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. उसाच्या मळ्यात मुकादमालाही ती खडे बोल सुनवायची. अशा बाईला चारचौघांत गप्प केलं ते आमच्या मराठी समाजाच्या चंद्रमोहन पुढाऱ्याने.

१९७२ साली काकीची लेक अनुसया शेजारच्या सुयाक गावच्या एका क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या, मासेमाराशी लग्न करून गेली. पुढच्याच सभेत चंद्रमोहनने काकीचं नाव घेऊन सांगितलं, "ज्यांनी रक्त बाटवलं, त्यांच्या घरी कुणी गोंधळ घालू नये." मतं हवी होती मेल्याला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांची मला अजून चीड येते.

आमच्याकडे लग्नानंतर देवीचा गोंधळ घातल्याशिवाय सून घरची होत नाही. काकीचा मुलगा नवीन तेव्हा आठ वर्षांचा. त्याच्या लग्नाचं काय होणार, हा घोर काकीला तेव्हापासून लागला. अनुसयेला ती भेटायची, पण चोरून. लेक माहेरच्या गोंधळाला आली पाहिजे, एवढीच तिची आस होती.

१९८६ मध्ये चंद्रमोहन वारला आणि त्याच वर्षी नवीनचं लग्न झालं. काकी लक्ष्मण गोंधळ्याकडे गेली.

"भाऊजी, आता तरी याल?"

"येतो की वैनी. आता मला कोन अडवनार?"

काकीला आभाळ ठेंगणं झालं. तिने सुयाकला जाऊन अनुसयेला आवतण दिलं, जावयालाही दिलं. घरी येऊन नवीनला सांगितलं, तर तो जेवता जेवता थांबला.

"आय, ताई नको. बायकोची मानसं येनार."

"अरे, आता कोन बोलनार? तो मेला ना."

"कोन मेला?"

काकीने चंद्रमोहनची सभा सांगितली. नवीनला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"मला कोनी शिकवलं नाय, आय. आपल्यात असंच असतं," तो म्हणाला आणि पुन्हा जेवू लागला.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात. इथे तर दुष्ट मेला आणि त्याचं बोलणं रीत होऊन बसलं. काकी मुलाशी भांडली, रडली. तो ऐकेना. सून घरची व्हायची होती.

गोंधळ झाला. लक्ष्मणभाऊजींनी एकेका देवाला नाव घेऊन गोंधळाला बोलावलं. अनुसया मात्र आली नाही. भाऊजींना ताप आलाय, गोंधळ रद्द झाला, असं तिला सकाळीच सुयाकला जाऊन काकीने सांगितलं होतं.