जळालेली मोटर

रनाळ्याचा आमचा गिरणीवाला बोलण्यासाठी गिरणी कधी बंद करत नाही. पट्ट्याच्या खडखडाटावरून ओरडतो आणि घरातली प्रत्येक गोष्ट गावाला सांगतो. बारावीतल्या मुलीची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा एप्रिलमध्ये आहे, हेही त्यानेच सांगितलं होतं. जानेवारीतही एक संधी असते, दोन्हींतले चांगले गुण धरतात, असं मी त्याला म्हटलं, तेव्हा त्याने नुसतं अंगावरचं पीठ झटकलं.

जानेवारीत एका सकाळी गिरणीला कुलूप दिसलं. दारावर खडूने लिहिलं होतं, मोटर जळाली.

त्याच दिवशी मी माझ्या मुलीला धुळ्याच्या परीक्षा केंद्रावर सोडलं, तर फाटकाशी हाच उभा. हातावर लेकीचं स्वेटर.

"सर, गावमां सांगू नका," तो म्हणाला. "हाई परीक्षा बिघडनी तर घरना लोके एप्रिलनी वाट देखाव नईत. पोरनं लगीन ठराई देतीन."

दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गेलो. बायकांत त्याची थोरली बहीणही बसली होती. पेपरचं विचारता येईना.

"भाऊ, मोटर कशी आहे आता?"

चालू गिरणीत तो पहिल्यांदाच हळू बोलला. मला एक शब्दही ऐकू आला नाही. तरी मी मान हलवली.