मार्गासनीच्या रुखवतातला चिनी बगळा

एका रेशमी बगळ्याची खरी किंमत: पायलीभर आंबेमोहोर, दोन्ही हातांची सालटी आणि मोडता मोडता वाचलेलं एक लग्न.

त्याच लग्नामुळं मी आहे.

आई आज गेली. शंभरीला चार कमी. रडू नका, तिला चालायचं नाही.

चाळीसच्या दशकात भोरच्या बाजारात एक चिनी फेरीवाला यायचा, सायकलवर रेशमाची गाठोडी लादून. आई तेव्हा उत्रोलीची पोर. त्यानं तिला कशिद्याचा बगळा दाखवला आणि कापड उलटवलं.

मागंही तोच बगळा!

"पिच्छे देखो. गाँठ नै."

मग एकच रेशमी धागा चिरून त्याचे केसासारखे आठ केले. आईनं पायलीभर तांदूळ देऊन रेशमाची लडी आणि कापडाचा तुकडा घेतला.

तेवढ्या भांडवलावर आजीनं, म्हणजे आईच्या आईनं, बघायला आलेल्या मार्गासनीच्या पाहुण्यांना ठोकून दिलं, "आमच्या पोरीला चिनी काम येतंय. असलं बगळं ढिगानं काढल्यात तिनं!"

होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "मंग रुखवतात एक ठिवा. म्या उलटून बघनार. गाठ घावली तर अक्षता न्हाई पडायच्या."

पाहुणे गेले. आई रडकुंडीला. "आये, म्या अजून सुईत दोरा बी न्हाई ओवला!"

"मंग ओव की!"

भातलावणीनं भेगाळलेले हात. रेशीम भेगाभेगांत अडकायचं. आजीनं मायेनं खोबरेल चोळलं, आणि बगळ्याच्या पोटाशी तेलाचा हा एवढा डाग!

आईनं हातांचं तेल धुतलं, भाताच्या कोंड्यानं हात घासून घासून गुळगुळीत केले. आणि डागावर सरळ भाताची लोंबी काढली.

लग्नात सासूबाईंनी कापड उलटवलं. मागून बोटं फिरवली.

"गाठ न्हाई. पर काय वो इहीनबाई, चीनमधी आंबेमोहोर पिकतो व्हय?"

आजी म्हणाली, "न पिकून कसं? बगळा काय उपाशी ऱ्हाईल?"

सासूबाईंना असं हसू फुटलं की पहिल्या अक्षता त्यांनीच टाकल्या.

मी पुढं खांद्यावर गठ्ठे वाहून कापड विकलं, दुकान थाटलं. भारी भारी माल हाताळला. असलं फिनिशिंग पुन्हा दिसलं नाही. फोटो कॉमेंटमध्ये टाकलाय.

आई, पुढून एक आणि मागून एक असं तुझं कधी नव्हतं. शेवटचा नमस्कार.

आज तिची ट्रंक उघडली, तर तळाशी तोच बगळा. त्या मांडवात हजर असलेली आत्या शेजारी बसली होती, तिनंच सांगितलं. आईनं उभ्या जन्मात बगळा काढला तो हा एकच.